विश्लेषण : विमाने घटली, तरी उशीर का वाढला? लोहगावच्या एका धावपट्टीचे गणित

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून नेहमीपेक्षा कितीतरी कमी विमाने उडाली. इंडिगोची उड्डाणे एकामागून एक रद्द होत होती. साधा हिशेब असा, की विमाने कमी झाली म्हणजे धावपट्टीवरची गर्दी कमी होणार आणि उरलेली विमाने तरी वेळेवर सुटणार. घडले उलटेच. ज्या कंपन्यांकडे वैमानिकही होते आणि विमानेही, त्यांच्या प्रवाशांनाही टर्मिनलमध्ये ताटकळत बसावे लागले. वाहतूक घटली की उशीर आपोआप घटतो, हा समज कुठे चुकतो? आणि लोहगावात तो जरा जास्तच का चुकतो?

डिसेंबरमध्ये नेमके काय झाले?

वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) केलेल्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. रात्री उतरवायच्या विमानांची संख्या आणि सलग रात्रपाळ्या यांवर त्यात मर्यादा आली. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास करण्याचा नियम त्याआधीच, जुलैमध्ये लागू झाला होता. देशांतर्गत बाजाराचा ६० टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोचे मनुष्यबळाचे नियोजन या नियमांना पुरे पडले नाही. ५ डिसेंबरला एका दिवसात कंपनीची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुढे सरकारने कंपनीच्या वेळापत्रकात १० टक्के कपात करायला लावली.

पुण्यात याचा फटका विमान उभे करण्याच्या जागेला, म्हणजे पार्किंग बेला बसला. इंडिगोची विमाने पुण्यात उतरत होती; पण पुढे घेऊन जायला वैमानिक नसल्याने तिथेच उभी राहत होती. लोहगावात असे बे मुळात दहाच्या आसपास. त्यातले बहुतेक अडकल्यावर इतर कंपन्यांच्या विमानांना उतरल्यानंतर उभे राहायला जागा उरली नाही. बे भरल्यामुळे इतरांच्या वेळापत्रकावर परिणाम होत असल्याचे विमानतळ प्रशासनानेही त्या दिवसांत सांगितले होते.

अशा वेळी नियंत्रकापुढे तीनच पर्याय असतात. उतरलेले विमान टॅक्सी-वेवर थांबवायचे, येणारे विमान हवेत घिरट्या घालत ठेवायचे, किंवा ते जिथून निघणार आहे तिथेच जमिनीवर रोखायचे. तिन्हींमध्ये प्रवाशाच्या कानावर बहुधा एकच वाक्य पडते : ‘एटीसीची परवानगी मिळालेली नाही.’ एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण. परवानगी देणारा तोच, त्यामुळे दोषही त्याच्याच नावावर चढतो. अडचण त्या दिवशी बेची असू शकते, इंधनाच्या टँकरची असू शकते किंवा दिल्लीतल्या धुक्याची.

दिवसाचा आकडा फसवा का?

विमानतळाची क्षमता दिवसावर नाही, तासावर मोजावी लागते. उशीर ठरतो तो त्या तासाला किती विमाने आली आणि त्या तासाला किती हाताळता येत होती, या गुणोत्तरावर. आणि हे गुणोत्तर सरळ रेषेत वागत नाही.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्याचे उदाहरण घ्या. निम्म्या क्षमतेने वाहतूक चालू असेल तर गाडी थांबते न थांबते तोच निघते. सुट्टीच्या सकाळी नाका ९० टक्के भरला की रांग मागे सरकत जाते. एखाद्याच्या फास्टॅगमध्ये पैसे नसले, की पाठीमागचे सगळे अडकतात. विमानेही घड्याळाच्या काट्यावर येत नाहीत, पाच-दहा मिनिटे मागेपुढे होतात. हे गृहीत धरून रांगेचे साधे गणित मांडले, तर निम्म्या क्षमतेला सरासरी वाट पाहणे १ मिनिट असेल, तेव्हा ७५ टक्क्यांना ते ३ मिनिटे आणि ९० टक्क्यांना ९ मिनिटे होते. ९५ टक्क्यांना १९! शेवटच्या पाच टक्क्यांत वाट पाहणे दुपटीहून जास्त वाढते.

आता समजा, एखाद्या तासाला २० विमाने हाताळता येतात आणि येतात १८. म्हणजे ९० टक्के. मंदी आली, विमाने २० टक्क्यांनी घटून १४-१५ झाली. क्षमता २० च राहिली तर उशीर जवळपास नाहीसा होईल. पण त्याच काळात क्षमताही घसरून १६ वर आली, तर गुणोत्तर पुन्हा ९० टक्केच. वर्तमानपत्रात ‘प्रवासीसंख्येत घट’ अशी बातमी आणि टर्मिनलमध्ये तीच रांग. डिसेंबरमध्ये पुण्यात हेच झाले, किंबहुना त्याहून वाईट. उड्डाणांपेक्षा बे जास्त वेगाने कमी झाले.

एका विमानानेही हे होऊ शकते. १६ मे २०२४ रोजी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान लोहगावात टग ट्रॅक्टरला धडकले. त्यात असलेले सुमारे १८० प्रवासी सुखरूप होते. नुकसान झालेले विमान मात्र बराच काळ बे अडवून उभे होते, आणि त्यामुळे इतर उड्डाणांचे नियोजन कोलमडत होते. पुण्याचेच खासदार असलेले मुरलीधर मोहोळ त्या जूनमध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री झाले. त्यांनी लक्ष घातल्यावर ते विमान दुसरीकडे हलवले गेले. एक विमान जागचे हलवायला मंत्र्याला मध्ये पडावे लागते, कारण बे सोडून उरलेली जवळपास सगळी जागा संरक्षण खात्याची आहे.

लोहगावचे नियंत्रण कोणाकडे?

पुण्याचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई-३० एमकेआय विमाने इथूनच उडतात. टर्मिनल आणि विमाने उभी करण्याची नागरी बाजू भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. धावपट्टी आणि टॉवर हवाई दलाचा. पुण्याहून निघालेल्या विमानाशी सुरुवातीला बोलणारा नियंत्रक हवाई दलाचा असतो. विमान वर गेले की ते मुंबईच्या क्षेत्र नियंत्रणाकडे, म्हणजे प्राधिकरणाच्या नियंत्रकाकडे सोपवले जाते.

धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची. उतरायला येणारे प्रवासी विमान शेवटच्या टप्प्यात ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने येते. दोन विमानांत ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास अंतर ठेवले, तर दोन विमाने दोन मिनिटांच्या फरकाने उतरतात. मध्ये एखादे उडवायचे असेल तर हे अंतर वाढवावे लागते. त्यात लढाऊ विमानांची तुकडी आली की हिशेब बदलतो. त्यांचा वेग वेगळा, उतरण्याची पद्धत वेगळी, इंधन मर्यादित. त्यांना आकाशात थांबवून ठेवता येत नाही, प्रवासी विमानालाच थांबावे लागते. हवाई दलाच्या सरावाच्या वेळा नागरी वेळापत्रकात मोकळ्या सोडाव्या लागतात. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या सरावामुळे सकाळचे तास असेच राखलेले असतात.

प्रवासी घटले म्हणून सुखोईंचा सराव घटत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. नागरी विमानांसाठी उरलेले तास तेवढेच राहतात. कंपन्या मंदीत फेऱ्या कमी करतात तेव्हाही आधी कापतात त्या दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या रिकाम्या फेऱ्या. सकाळी कामाला जाणाऱ्यांची आणि संध्याकाळी परतणाऱ्यांची फेरी शेवटपर्यंत ठेवली जाते, कारण तिकिटाला पैसा तिथेच मिळतो. त्यामुळे दिवसाच्या बेरजेत घट मोठी दिसली, तरी गर्दीच्या तासात ती फार दिसत नाही.

टर्मिनलचा प्रश्न वेगळा, आणि तो बऱ्याच अंशी सुटला आहे. पंतप्रधानांनी १० मार्च २०२४ रोजी उद्घाटन केलेले नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आले. बसायला जागा झाली, चेक-इनच्या रांगा कमी झाल्या. पण टर्मिनलने धावपट्टीचा एकही तास वाढत नाही. वर्षाला एक कोटी प्रवाशांचा टप्पा ओलांडलेल्या शहराला हे फार लवकर कळले.

कोविडच्या मंदीत पुण्याने काय केले?

पुण्याच्या विमानतळाने खरी मंदी पाहिली ती २०२० मध्ये. २५ मार्चपासून देशांतर्गत उड्डाणे बंद झाली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी ती नेहमीच्या एक तृतीयांश क्षमतेने सुरू झाली. २०१८-१९ मध्ये ९० लाखांहून अधिक प्रवासी पाहिलेल्या टर्मिनलमध्ये शुकशुकाट होता.

हवाई दलाने नेमकी हीच वेळ साधली. धावपट्टीच्या पृष्ठभागाचे नूतनीकरण बरेच दिवस रखडले होते. २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८ धावपट्टी बंद ठेवून हे काम सुरू झाले आणि ते जवळपास वर्षभर चालले. म्हणजे जी काही थोडी विमाने उरली होती, ती सगळी बारा तासांत बसवावी लागली. पहाटेचे दिल्ली, रात्री उशिराचे बेंगळुरू, पुणेकरांच्या सवयीच्या या वेळाच गेल्या. कामाच्या शेवटच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. यातली गंमत अशी, की केंद्राने देशांतर्गत उड्डाणांवरील क्षमतेची मर्यादा पूर्णपणे उठवली ती १८ ऑक्टोबर २०२१ रोजी. देशभर विमानतळांवर गर्दी परतत असताना आणि दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर आलेली असताना लोहगावात कुलूप होते, आणि पुणेकर टॅक्सीने मुंबईचा विमानतळ गाठत होते.

तेव्हा या वेळापत्रकावर बरीच टीका झाली. चौदा दिवसांचे बंद आधी एप्रिल-मे २०२१ मध्ये ठरले होते, ते पुढे ढकलले गेल्याने सणाच्या तोंडावर आले, ही टीका रास्तच होती. पण मूळ निर्णय बरोबर होता. आज एक कोटी प्रवाशांच्या काळात वर्षभर रात्रीची धावपट्टी बंद ठेवायची म्हटले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. मंदीतला मोकळा वेळ पुण्याने डांबरावर खर्च केला आणि तो वसूल झाला.

डांबर झाले, माणसांचे काय?

धावपट्टी वर्षभरात नवी होते. नियंत्रक तसा होत नाही. देशातल्या नागरी विमानतळांसाठी प्राधिकरण नियंत्रक भरते. अभियांत्रिकीची किंवा भौतिकशास्त्र-गणित घेऊन विज्ञानाची पदवी, स्पर्धा परीक्षा, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियातल्या केंद्रात प्रशिक्षण. तिथून बाहेर पडलेला तरुण लगेच एकटा विमाने हाताळू शकत नाही. ज्या ठिकाणी नेमणूक होईल तिथे अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करून त्या जागेचे वेगळे प्रमाणपत्र मिळवावे लागते. टॉवरचे वेगळे, अ‍ॅप्रोचचे वेगळे, क्षेत्र नियंत्रणाचे वेगळे. मुंबईत तरबेज असलेल्याला उद्या दिल्लीत नेऊन बसवले तर तो पहिल्या दिवशी शिकाऊच असतो.

म्हणून मंदीत ‘विमाने नाहीत, मग भरती कशाला’ असे म्हटले, की त्याचे बिल दोन-तीन वर्षांनी येते. शिवाय आकाशाच्या एका पट्ट्यात दोन विमाने असोत की बारा, समोर नियंत्रक बसवावाच लागतो. वाहतूक निम्मी झाली म्हणून माणसे निम्मी करता येत नाहीत.

युरोपने याचा अनुभव दोनदा घेतला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तिथली वाहतूक घटली, आणि २०१० मध्येही ती संकटापूर्वीच्या पातळीला आली नव्हती. तरी युरोकंट्रोल या संस्थेच्या नोंदीत २०१० हे वक्तशीरपणाच्या बाबतीत २००१ नंतरचे सर्वांत वाईट वर्ष ठरले. फ्रान्स आणि स्पेनमधल्या नियंत्रकांची आंदोलने हे त्याचे एक मोठे कारण, बर्फ हे दुसरे. ३ डिसेंबर २०१० रोजी स्पेनमधले नियंत्रक अचानक कामावरून उठले, तेव्हा तिथल्या सरकारने आणीबाणीचे अधिकार वापरून नियंत्रण लष्कराच्या हाती दिले. कोविडनंतर पुन्हा तेच. २०२२ मध्ये युरोपातली उड्डाणे २०१९ च्या ८३ टक्क्यांवरच होती, पण आकाशातल्या मार्गांवरचा उशीर २०१९ इतका किंवा त्याहून थोडा जास्तच भरला.

भारतात मागणी वाढतेच आहे, त्यामुळे चित्र वेगळे. तुटवडा मात्र ओळखीचा. नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरचा ताण याबद्दल संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये चिंता व्यक्त केली होती. पुढच्याच नोव्हेंबरमध्ये दिल्लीत त्याची झलक दिसली. ६ नोव्हेंबरला विमानांच्या मार्गांची माहिती नियंत्रकांपर्यंत पोचवणारी संदेश यंत्रणा बिघडली. नियंत्रकांना ही माहिती हाताने भरावी लागली आणि ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. धावपट्ट्या शाबूत, हवामान ठीक, विमानेही तयार. कमी पडले ते नियंत्रकांचे हात.

मुद्दाम विमाने कमी केली तर?

हा उलटा उपाय आहे आणि तो चालतो. त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प होते. पगाराविना काम करणाऱ्या नियंत्रकांची गैरहजेरी वाढली, तेव्हा तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे सुरुवातीला ४ टक्क्यांनी कमी करायला लावली. जेवढी माणसे, तेवढीच विमाने.

पुण्याला जवळचे उदाहरण मुंबईचे. तिथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने गर्दीच्या तासांतली उड्डाणे-आगमने ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ केली. फरक फक्त दोन विमानांचा. पण विमाने ४० ते ६० मिनिटे हवेत घिरट्या घालत होती. ४० मिनिटांच्या घिरट्यांत एक विमान साधारण १.७ किलोलीटर इंधन जाळते, असा हिशेब तेव्हा मंत्रालयानेच दिला होता. रांगेच्या गणितात शेवटची दोन विमाने काढल्याने किती फरक पडतो, हे आधी पाहिलेच.

पुण्यात हे करायला कोणी सहजी तयार होणार नाही, कारण इथे मागणी नेहमी जास्त स्लॉटची असते. नवे शहर जोडले की बातमी होते. गर्दीच्या तासातले एक उड्डाण दुपारी हलवून बाकीची वेळेवर आणली, तर ती बातमी होत नाही. धावपट्टी लांबवण्याचा प्रस्ताव आहे, पुरंदरच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. यातले काहीही लोहगावच्या सकाळच्या गर्दीच्या तासाला लगेच हात लावत नाही. लांब धावपट्टीने मोठी विमाने उतरतील, पण ती एका तासाला जास्त विमाने उतरवणार नाही. बे वाढवणे आणि हवाई दलाशी बोलून तासांची नव्याने वाटणी करणे, या दोन कंटाळवाण्या कामांनी फरक पडेल.

‘एटीसीमुळे उशीर’ म्हटले तर प्रवाशाने काय करावे?

हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यात पैसे गुंतलेले आहेत. डीजीसीएच्या नियमांनुसार उशीर किंवा रद्द होणे स्पष्टपणे हवाई वाहतूक नियंत्रणामुळे, हवामानामुळे किंवा सुरक्षेच्या कारणामुळे असेल, तर कंपनीला भरपाई देणे बंधनकारक नाही. वैमानिक नसणे किंवा विमानात बिघाड होणे या सवलतीत आपोआप बसत नाही. म्हणून काउंटरवर तोंडी उत्तरावर थांबू नये. विमान न सुटण्याचे कारण कंपनीकडून ईमेल किंवा मेसेजवर लेखी मागावे आणि आपले विमान आधीच्या शहरातून किती वाजता निघाले, हे कंपनीच्या अ‍ॅपवर पाहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. ते तिथूनच तीन तास उशिरा निघाले असेल, तर लोहगावच्या टॉवरचा त्यात दोष नाही.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे पुण्याहून दिल्लीसह बहुतेक सगळ्या देशांतर्गत मार्गांवर, दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय मिळते. उशीर सहा तासांहून अधिक असेल तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय कंपनीने द्यायचा असतो. कंपनी दाद देत नसेल, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवता येते. तिथे तो स्क्रीनशॉट आणि लेखी कारण दोन्ही जोडावे.